आपत्कालीन सामान: एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

या तयारीतली सर्वांत मोलाची वस्तू सॅकमध्ये मावत नाही. ती म्हणजे पाणी. मुंबईच्या इमारतीत वीज गेली की खालचा पंप बंद, मग गच्चीवरच्या टाकीत उरेल तेवढंच. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरले, तर चौघांना तीन दिवसांसाठी ४८ लिटर लागतात. आम्ही कुर्ल्यात चौथ्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात झाकणाचे कॅन घेतले. दर रविवारी त्यातला एक लादी पुसायला आणि कुंड्यांना वापरायचा नि ताजा भरायचा. ऑगस्टमध्ये आवारात पाणी चढलं, मीटरच्या खोलीला धोका नको म्हणून वीज बंद केली गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. त्या वेळी शेजारच्या आजींनाही त्यातलंच पाणी दिलं.

उजेडासाठी डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या. अंधाऱ्या जिन्यात एक हात कठड्यावर आणि दुसरा सासूबाईंना धरायला मोकळा राहतो. सेल बाहेर काढून वेगळे ठेवा, आत राहिले की दमट हवेत गळतात. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपासच मिळतात. माझा फोन जेमतेम दीडदा चार्ज झाला. महिन्याकाठी ती पुन्हा भरावी लागते.

खाण्यात बिस्किटं जुलैतच सादळली. खजूर, फुटाणे, राजगिऱ्याची चिक्की आणि घट्ट डब्यातले पातळ पोहे टिकले. पोह्यांना गॅसही लागत नाही. काडेपेटी नको, लायटर ठेवा.

औषधांचा विचार मात्र निवांत बसून करा. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. फ्रिज बंद पडल्यावर ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायचं मी ऐकलं होतं, आणि उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतोही. पण पावसाळी हवेत पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे मडकं नीट गार होत नाही. म्हणून आता फ्रीझरमध्ये बर्फाची पाकिटं कायम असतात. कुपी त्यांना थेट चिकटू द्यायची नाही, मध्ये टॉवेल, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत, डॉक्टरांना विचारून घ्यायची असते. ती माहिती आणि पालिकेचा १९१६ हा नंबर कागदावर लिहून सॅकच्या झाकणात चिकटवला आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी माणसं ऑफिसात आणि गाड्यांत अडकली होती. घरची सॅक त्यांच्या काय कामाची? म्हणून जूनपासून ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत वेगळा पाऊच दिला आहे: बीपीच्या दोन दिवसांच्या गोळ्या, चिक्की, छोटी पॉवर बँक, थोडे सुटे पैसे. पुढच्या मेमध्ये लेकीच्या कॉलेजच्या बॅगेतही तसाच भरणार आहे.