मांजरीच्या ऑपरेशननंतर दारात आलेला ‘डॉक्टर’

सेलू, मानवत, पाथरी भागात कोणी मांजरीचं किंवा कुत्र्याचं ऑपरेशन करून आणलं असेल आणि ‘घरपोच ड्रेसिंग, इंजेक्शन’ असं कार्ड हातात पडलं असेल, तर फोन लावायच्या आधी हे वाचा.

आमच्या चिमीचं गर्भाशय काढायचं ऑपरेशन परभणीला झालं. काम चांगलं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी टाक्यांपर्यंत तोंड पोचू नये म्हणून गळ्यात मोठी कॉलर घातली, दुखण्याचं औषध दिलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: दहा ते चौदा दिवस उड्या नकोत, आंघोळ नको, टाके चाटू द्यायचे नाहीत, वरून काही लावायचं नाही, रोज जखम बघायची. आमच्या आईला मात्र ‘नुसतं बघायचं’ हे काही पटेना. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर ड्रेसिंग नको का? त्यात मे महिना. त्या उन्हात पिशवीत मांजर घालून परभणीची गाडी पकडायची कोणी? खाद्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी ते कार्ड पडलेलं होतं. नावापुढे ‘डॉ.’ होतंच.

आपल्याकडे गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवरच दारात येतो. त्यामुळे बॅग अडकवलेला माणूस आला की आपण चहा विचारतो, पदवी कोणी विचारत नाही.

आल्या आल्या त्याने कॉलर काढली. “काकू, लेकराला गुदमरतंय.” आईला तो लगेच आवडला. रात्रभर चिमीने पोट चाटलं. मांजराची जीभ म्हणजे कानसच, सकाळी टाक्यांची कड लाल झालेली. ती लाली दाखवून म्हणाला, “बघा, इन्फेक्शन धरलं.” मग गुरांच्या जखमेवर मारतात तो जांभळा स्प्रे मारला. त्यानंतर खाली काय चाललंय ते आम्हाला दिसायची सोयच उरली नाही.

पुढचा डाव थर्मामीटरचा. त्याने ताप मोजला, आकडा आईला दाखवला: 101.8. माणसाला एवढा ताप आला तर आपण दवाखाना गाठतो, म्हणून आई घाबरली. मांजराचं नेहमीचं तापमानच साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. म्हणजे आकडा खरा होता, आजार खोटा. टाक्यांखाली लागणारी छोटी कडक गाठ, तिला तो ‘आतला पू’ म्हणाला. आत विरघळणाऱ्या टाक्यांमुळे अशी गाठ बऱ्याचदा येते आणि हळूहळू जाते.

प्रत्येक फेरीला ‘इंपोर्टेड’ इंजेक्शनचे पैसे वेगळे. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं. मग रक्त तपासायचं म्हणून पैसे घेतले आणि मोबाईलवर रिपोर्ट पाठवला. त्यात प्राण्याच्या रकान्यात ‘कॅनाइन’ लिहिलेलं, लिंग नर. कुत्र्याचा रिपोर्ट, तोही नराचा! शेवटी म्हणाला, आतले टाके सुटलेत, पुन्हा उघडावं लागेल, सहा हजार ॲडव्हान्स टाका, आणि आजपासून तिला उपाशी ठेवा. ताप वाढला तर लहान लेकरांचं तापाचं औषध चार थेंब द्या.

त्या चार थेंबांनी चिमी जिवानिशी जाऊ शकली असती. ते थेंब म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीनेही मांजर दगावतं. द्यायच्या आधी मी परभणीला फोन लावला, म्हणून हे कळलं. बाई फोनवर अक्षरशः ओरडल्या. उपाशी ठेवू नका, दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात चिमीला घेऊन गेलो. एकही टाका सुटला नव्हता. वरची कातडी चाटून सोलली होती, तेवढंच. कॉलर पुन्हा गळ्यात आली.

खरंच कधी घाबरायचं, तेही बाईंनी सांगितलं: जखमेतून रक्त किंवा पू वाहतोय, कड उघडलीय, वास येतोय, मांजर दिवसभर खात नाही किंवा कोपऱ्यात पडून उठतच नाही. असं काही दिसलं तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आधी फोटो पाठवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही नेता येतं.

1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार करायला परिषदेकडे नोंदणी लागते. पदविकावाल्यांना सरकारने ठरवलेल्या किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. या गृहस्थाला मी नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, “ताई, कार्ड गाडीत राहिलं.” ज्या खात्यावर पैसे गेले ते नाव कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं. त्या संध्याकाळपासून फोन बंद.

सहा हजार वाचले, त्याआधी दिलेले गेले. पोलिसात अर्ज दिलाय, ऑनलाइन पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. दुकानदाराने कार्डं काढून टाकली. तुमच्याकडे हाच माणूस येऊन गेला असेल तर पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, रिपोर्ट आणि ती लेबल नसलेली बाटली जपून ठेवा. अर्जाला जोडायला लागतात.