शिकायला विमान कोणतं घ्यावं: सेसना १७२ की पायपर वॉरियर?

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकायचं ठरलं की बहुतेकदा यांपैकी एक विमान समोर येतं: पंख वर असलेलं सेसना १७२, नाहीतर पंख खाली असलेलं पायपर वॉरियर. दोन्हींत एकच इंजिन, चार जागा आणि आत न ओढली जाणारी चाकं. वॉरियरचं इंजिन सुरुवातीच्यांत १५०, नंतरच्यांत १६० अश्वशक्तीचं. १७२ मध्ये जुन्यांत १४५, १५० किंवा १६०, नव्या १७२ एसमध्ये १८०. वेगातल्या फरकावर डोकं शिणवू नका. कोणतं विमान तुम्हाला कुठली सवय लावतं, निर्णय त्यावर घ्या.

सगळ्यात मोठा फरक इंधनाचा. कार्बोरेटरवाल्या १७२ मध्ये टाक्या इंजिनाच्या वर, पंखांत असतात. इंधन स्वतःच्या वजनानेच खाली उतरतं आणि सिलेक्टर, म्हणजे टाकी निवडायची कळ, ‘बोथ’वर ठेवला की दोन्ही टाक्यांतून येत राहतं. वॉरियरच्या टाक्या खाली, म्हणून इंधन पंपाने ओढावं लागतं: एक पंप इंजिनावर चालतो, दुसरा विजेवर. इथे ‘बोथ’ नाहीच, कारण एक टाकी रिकामी झाली तर पंप इंधनाऐवजी तिच्यातली हवा ओढू लागेल. मग डावी की उजवी, हे दर थोड्या वेळाने तुम्हालाच ठरवावं लागतं. बदलताना आधी विजेचा पंप चालू, मग सिलेक्टर फिरवायचा, प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवायची, इंजिन सुरळीत आहे याची खात्री झाली की पंप बंद. विसरलात तर एक पंख जड होत जातो आणि शेवटी एका टाकीत भरपूर इंधन असतानाही इंजिन बंद पडू शकतं. नवशिक्यावर हे ओझं आहे खरं, पण पुढे मोठी विमानं चालवायची असतील तर ही शिस्त जितक्या लवकर लागेल तितकी बरी.

नजरेचं म्हणाल तर १७२ मधून खालची जमीन मोकळी दिसते. नकाशा आणि नदी, रेल्वेमार्ग जुळवत मार्ग काढायला शिकताना याचा फार उपयोग होतो. पण वळताना आतला पंख खाली येतो आणि जिकडे वळायचं तीच बाजू झाकतो. म्हणून वळण्याआधी तो पंख जरा उचलून बघायचं, दरवेळी. वॉरियरमध्ये उलट: वळताना आतली बाजू स्वच्छ दिसते, पंखाखालचं मात्र काही दिसत नाही. उतरण्याच्या मार्गावर वॉरियर वर आणि १७२ त्याच्या खाली असेल, तर दोघंही एकमेकांना दिसत नाहीत. हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा आणि रेडिओवर कान ठेवा.

लँडिंगला वॉरियरचा पंख धावपट्टीच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे ग्राउंड इफेक्ट, म्हणजे जमिनीलगत पंखाला मिळणारा जादा आधार, जास्त जाणवतो. पाच नॉट (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) जास्त वेग घेऊन आलात तर विमान टेकायचं नाव घेत नाही, तरंगत राहतं. एरवी ते जमिनीवर स्थिर वाटतं. मात्र त्याचं पुढचं चाक रडरला, म्हणजे पायांनी फिरवायच्या शेपटीवरच्या सुकाणूला, थेट जोडलेलं आहे, म्हणून आडव्या वाऱ्यात ते चाक टेकताना पायांखालची पेडलं सरळ झालेली असायला हवीत. चाचणीत दाखवलेला आडवा वारा वॉरियरला १७ नॉट, १७२ एसला १५. ही मर्यादा नव्हे, पण शिकाऊ माणसाने आपली मर्यादा त्याहून बरीच खाली ठेवावी.

फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग कमी ठेवायला पंखांच्या मागच्या कडेला खाली येणारे भाग, वॉरियरमध्ये हाताच्या दांड्याने १०, २५ आणि ४० अंशांवर येतात. किती उतरले ते हातालाच कळतं. अगदी जुनी सोडली तर १७२ मध्ये ते विजेवर चालतात. दारांचं थोडक्यात: १७२ ला दोन, वॉरियरला उजवीकडे एकच, म्हणजे डावीकडे बसलेला वैमानिक उजवीकडचा माणूस उतरल्यावरच उतरणार.

स्टॉलमध्ये, म्हणजे नाक फार वर गेल्याने पंखांची उचल सुटते तेव्हा, मला १७२ उजवं वाटतं. वॉरियर बहुधा नाक हलवत मऊपणे खाली बसतो, त्यामुळे नेमकं काय घडलं ते नवशिक्याच्या लक्षातच येत नाही. १७२ जास्त स्पष्ट बोलतं: आधी भोंगा, मग थरथर, मग नाक खाली, रडर आळशी ठेवलात तर एक पंखही पडतो. पाय का वापरायचे हे तिथे अंगाला कळतं. शिवाय युटिलिटी कॅटेगरीच्या, म्हणजे कमी वजनाने उडायच्या वर्गाच्या, वजनमर्यादेत १७२ ला स्पिनची (स्टॉलमध्ये गिरक्या घेत खाली येण्याची) परवानगी आहे, वॉरियरला स्पिन निषिद्ध. इन्स्ट्रक्टरबरोबर एकदा तरी स्पिन बघायची इच्छा असेल तर प्रश्न इथेच सुटला.

म्हणून दोन्ही विमानं सारख्याच सहजतेने मिळत असतील तर सुरुवात १७२ वर करा, असं माझं मत. पण एखाद्या ठिकाणी वॉरियर नीट राखलेलं आणि रोज उपलब्ध असेल, आणि १७२ साठी आठवडाभर थांबावं लागत असेल, तर वॉरियरच घ्या. उड्डाणांत खंड पडला की आधीचं शिकलेलं निसटतं, आणि तो तोटा पंख वर की खाली यापेक्षा खूप मोठा आहे. सोलो, म्हणजे पहिलं एकट्याने उड्डाण, होईपर्यंत मात्र विमान बदलू नका. परवाना मिळाल्यावर दुसऱ्याकडे वळाल, तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी नुसतं कॉकपिटमध्ये बसा आणि न बघता हात सिलेक्टर, पंप आणि फ्लॅपवर जातो का ते तपासा. तो अडखळत असेल तर त्या दिवशी उड्डाण पुढे ढकला.