एनडी १००० च्या नावाखाली गळ्यात मारलेला एनडी ६४

लेन्सपुढे लावून आत येणारा उजेड कमी करणारा काळा फिल्टर, म्हणजे एनडी, मागवला. त्याच्या रिंगवर ठळक पांढऱ्या अक्षरांत ‘एनडी १०००’ आणि आत काच सहा स्टॉपची. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, आणि एनडी १००० म्हणजे दहा स्टॉप. दहा स्टॉपचे पैसे घेतले आणि चार स्टॉप गिळले. चार स्टॉप म्हणजे किरकोळ फरक नव्हे, सोळापट उजेड. फिल्टरशिवाय १/१२५ सेकंद येत असेल तर खऱ्या दहा स्टॉपला शटर ८ सेकंद उघडं ठेवावं लागतं. या काचेला अर्धा सेकंद पुरतो. ८ सेकंद दिले की धबधब्यासकट सगळी फ्रेम पांढरीफटक. अर्ध्या सेकंदात पाण्याच्या रेघा मिळतात, धुक्यासारखं मऊ पाणी नाही. त्या धुक्यासाठीच तर दहा स्टॉप घेतात!

जीव जळतो तो खोक्याच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर. तिथे ‘१.८’ छापलेलं होतं. ही ऑप्टिकल डेन्सिटी, काचेच्या गडदपणाचं माप. ०.३ म्हणजे एक स्टॉप, म्हणजे १.८ ला सहा स्टॉप, एनडी ६४. एनडी १००० ला ३.० हवं. चोरीची कबुली खोक्यावर छापलेली आणि तीसुद्धा मला विकत दिलेली. आता कुणी म्हणेल, वाचायचं नाही का? अहो, एक कंपनी उजेड किती पट कमी होतो ते लिहिते, दुसरी डेन्सिटी, तिसरी स्टॉप. रिंगवर एवढा मोठा आकडा असताना खोक्याचा कोपरा कोण तपासतं? तुम्ही मात्र तपासा. एनडी ८ ला ०.९, ६४ ला १.८, १००० ला ३.०. जोडी जुळली नाही की उघडूही नका.

दुसरी खूणही समोरच होती. आरशाच्या कॅमेऱ्यात (डीएसएलआर), ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, दहा स्टॉपमागे जवळपास काळोख दिसतो आणि ऑटोफोकस बहुधा हात टेकतो. म्हणून तर आधी फोकस करून, मॅन्युअलवर टाकून मग फिल्टर चढवायचा. इथे झाडाची फांदीन् फांदी दिसत होती आणि फोकस झटक्यात लागत होता. मिररलेसमध्ये ही खूण कामाची नाही, तो स्क्रीन उजळवून दाखवतो.

तक्रारीचं काय झालं ते विचारू नका. विक्रेत्याचं पहिलं उत्तर: ‘काच फुटलेली नाही, म्हणजे माल योग्य.’ फिल्टरशिवाय आणि फिल्टर लावून काढलेले दोन्ही फोटो, एक्स्पोजरच्या आकड्यांसकट पाठवले, तर ‘कॅमेऱ्याची सेटिंग बदलून पाहा.’ मग १० टक्के रक्कम परत घेऊन विषय मिटवायची ऑफर. ज्या संकेतस्थळावर खरेदी झाली त्यांचा तक्रार कक्ष फक्त ‘तुटका, चुकीचा रंग, चुकीचा आकार’ एवढेच पर्याय ओळखतो. ‘लेबल खोटं’ असा पर्यायच नाही. ‘चुकीचा रंग’ निवडलं तर उत्तर आलं, फिल्टर काळाच आहे. ग्राहक तक्रार यंत्रणेने प्रयोगशाळेचा दाखला मागितला. काच किती उजेड अडवते हे कॅमेरा स्वतःच मोजून दाखवतो, पण कॅमेऱ्याचं ऐकायचं कुणाला? तेवढ्यात परतीची मुदत संपली आणि तक्रारीवर ‘निकाली’ असा शिक्का बसला.

म्हणून फिल्टर हातात पडला की मुदतीतच तपासा. ट्रायपॉड, एकसारखा उजेड पडलेली भिंत, एफ/८, आयएसओ १००, ऑटो आयएसओ बंद, व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ‘डेलाइट’वर पक्का. फिल्टरशिवाय १/१२५ वर नीट एक्स्पोज होईल असा उजेड निवडा. मग फिल्टर लावून ८ सेकंद. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर त्याच जागी यायला हवा. अर्ध्या स्टॉपपर्यंत फरक चालतो. लगेच फिल्टर काढून पहिला फोटो पुन्हा घ्या, मधल्या वेळात ढग सरकला असेल तर कळेल. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर झाकायला विसरू नका, मागून शिरलेला उजेड निकाल बिघडवतो.

फिल्टर लावलेला फोटो तांबूस-तपकिरी आला तर बहुतेक वेळा अवरक्त किरण गळताहेत. सगळीकडे सारखी छटा असेल तर व्हाइट बॅलन्सने बरीच निघते. मध्यभागी एक आणि कडांना दुसरी असेल तर परत करा. ‘मल्टिकोटेड’, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारे थर चढवलेली, असं लिहिलंय? काच तिरकी धरून दिव्याचं प्रतिबिंब बघा. मंद हिरवट-जांभळं दिसलं तर कोटिंग आहे. पांढरं लख्ख दिसलं तर साधी काच.

‘२ ते ४००’ असल्या, फिरवून गडदपणा बदलणाऱ्या व्हेरिएबल एनडीच्या तर वाटेलाच जाऊ नका. आत दोन पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा उजेड सोडणाऱ्या काचा, एकमेकांवर फिरतात. टोकाकडे नेलं की वाइड लेन्सवर आभाळात काळी फुली उमटते. तो ‘४००’ छापण्यापुरता.

याच विक्रेत्याच्या पानावर हीच काच ‘ग्रहणासाठी उत्तम’ म्हणूनही विकायला ठेवलेली आहे. हा शुद्ध गुन्हा आहे. सूर्याच्या फोटोसाठीच्या फिल्टरची डेन्सिटी साधारण ५.० असते, म्हणजे एक लाखांश उजेड. खरा एनडी १००० हजारांश सोडतो आणि ही काच चौसष्टांश, शिवाय अवरक्त किरण वेगळेच. हिच्यातून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्य पाहिलात तर डोळा जाईल.