बोर्दोची रेड घ्यायचीय, पण डाव्या काठची की उजव्या?

फ्रान्समधल्या बोर्दोची चांगली रेड वाईन घ्यायची म्हटलं की लोक आधी शातोचं (वाईन बनवणाऱ्या मळ्याचं) नाव बघतात नाहीतर द्राक्षं काढल्याचं वर्ष बघतात, माझं म्हणणं आधी काठ बघा. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून पुढे जिरोंद होते, तिच्या डाव्या काठाला मेदोक, आणि दोर्दोन्यच्या उजव्या काठाला सेंत-एमिलियों, पोमेरोल. अंतर फार नाही, जमीन मात्र पार वेगळी.

मेदोकमध्ये नदीनं आणून टाकलेल्या गोट्यांचे थर आहेत. पाण्याचा निचरा एकदम मस्त, आणि दिवसा तापलेले गोटे संध्याकाळनंतरही ऊब देत राहतात. तिथलं मुख्य द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकतं, त्याला ही ऊब लागतेच, थंड चिकणमातीत लावलं आणि नीट पिकलं नाही तर वाईनला कच्च्या सिमला मिरचीचा वास येतो. द्राक्षाचा मणी बारीक, त्याची साल जाड, म्हणून टॅनिन (सालीतला तुरटपणा) भरपूर. मेदोकमधल्या पोयाकची चांगली वाईन नवीन असताना तोंड आवळते अगदी, पण दहा-पंधरा वर्षांनी जी उघडते, ब्लॅककरंट, देवदार, तंबाखूची पानं, त्याला तोड नाही!

पलीकडे उजव्या काठाला मुख्य द्राक्ष मर्लो. ते लवकर पिकतं त्यामुळे थंड माती चालते, उलट चिकणमाती ओल धरून ठेवते म्हणून कोरड्या उन्हाळ्यात वेल तगतो. पोमेरोलचं पेत्र्युस जवळपास पूर्ण मर्लो आहे, निळसर चिकणमातीच्या टेकाडावरचं. सेंत-एमिलियोंच्या पठारावर चुनखडी, तिथल्या वाईनमध्ये जरा जास्त ताजेपणा जाणवतो. सेंत-एमिलियोंचंच शेव्हाल ब्लां हे शातो मात्र वेगळं, तिथे गोटे पण आहेत आणि कॅबर्ने फ्रांक ही द्राक्षाची जात पण भरपूर.

१८५५ च्या शातोंच्या प्रतवारीत उजव्या काठाचं एकही नाव नाही, आणि पोमेरोलला तर आजही प्रतवारीच नाही, तेव्हा लेबलवरच्या दर्जावरून दोन्ही काठांची तुलना करू नका.

मुंबई-पुण्यात वाईन फ्रिज नसेल आणि वर्षभरात प्यायची असेल तर मी सरळ उजवा काठच सांगेन, आपल्या उन्हाळ्यात पोयाक कपाटात ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. बजेट कमी असेल तर उजव्या काठचेच फ्रोन्साक किंवा कास्तियों बघा. फक्त २०१८, २०२२ सारख्या गरम सालांत मर्लोचं अल्कोहोल बऱ्याचदा १४.५% किंवा वर जातं, ते नको असेल तर डाव्या काठचं लिस्त्राक घ्या, तिथे गोट्यांबरोबर चुनखडी आणि चिकणमाती पण असल्यामुळे मर्लोही बऱ्यापैकी असतं, म्हणून ती पोयाकइतकी कडक नसते; तासभर डिकँट करून (दुसऱ्या भांड्यात ओतून हवा लागू देऊन) मटणासोबत छान लागते.