झिओलाइटचा फिल्टर: ८ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

घरातले पाइप जुने, पाण्याच्या टेस्टमध्ये शिसं लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं, डब्ल्यूएचओची मर्यादा तेवढीच आहे, म्हणून हा कॉलम, म्हणजे दाण्यांनी भरलेली फिल्टरची नळी, बसवला. आत क्लिनोप्टिलोलाइट आहे, झिओलाइटचाच एक प्रकार, ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेला हिरवट करडा दगड, दाणे खडेमिठाएवढे. पहिल्यांदा धुताना इतकं गढूळ पाणी निघालं की चार-पाच बादल्या झाल्या तरी थांबेना, पण ती नुसती दगडाची धूळ, नितळ होईपर्यंत धूत राहायचं.

शिशावर काम करतो का, तर हो, अगदी मनापासून सांगतेय. महिन्याभराने लॅबचा रिपोर्ट १० च्या बराच खाली आला. या दगडाच्या सांगाड्यात काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं, त्यामुळे त्याच्यावर कायमचा ऋण भार असतो, त्या भारावर धन भाराचं सोडियम-कॅल्शियम चिकटलेलं असतं आणि शिसं आलं की दगड त्यांना सोडून शिसं धरतो. मातीसुद्धा अशीच अदलाबदल करते. थॉम्पसन आणि वे या मातीवर प्रयोग करणाऱ्या दोन इंग्रजांनी १८५० मध्येच मांडलं होतं की मातीवर अमोनियाचा क्षार ओतला की खालून कॅल्शियमचा क्षार बाहेर येतो.

पण अदलाबदल म्हणजे जागा मोजक्याच, भरल्या की संपलं! सहाव्या महिन्यात शिसं परत वर चढायला लागलं, पाण्याला ना रंग ना वास, टेस्ट केली नसती तर पितच राहिलो असतो. आमचं पाणी जड आहे, त्यातलं कॅल्शियमही जागा अडवतं, त्यामुळे फिल्टरसोबतच्या पत्रकावर लिहिलेल्या मुदतीवर अजिबात विसंबू नका, टेस्ट करत राहा.

त्याच पत्रकात 'सर्व जड धातू' असं छापलंय, त्याचा मला खरंच राग आला. आर्सेनिक आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) पाण्यात बहुतेक ऋण आयन, म्हणजे ऋण भाराचे कण, म्हणून असतात, ऋण भाराचा दगड त्यांना धरणार कसा? आर्सेनिकसाठी लोहाच्या ऑक्साइडचा फिल्टर बघा. आणि चुना साचला म्हणून व्हिनेगर ओतू नका, आम्लातले हायड्रोजन आयन शिशाची जागा घेतात आणि धरलेलं शिसं सुटून पाण्यात येतं.

मिठाच्या पाण्याने दाणे पुन्हा वापरता येतात, पण त्या धुवणात सगळं शिसं एकवटतं, ते टाकणार कुठे, म्हणून मी सरळ माल बदलला. जुने दाणे झाकणाच्या डब्यात लेबल लावून ठेवलेत, घातक कचऱ्यात द्यायचेत, कुंडीत तर मुळीच टाकणार नाही.