लॉर्ड हॅरिस यांच्या चित्राची फ्रेम: काम चोख, पितळी पट्टी चुकीची

क्रिकेटपटू आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले लॉर्ड हॅरिस यांचं, इंग्लिश साप्ताहिकातून सुटं केलेलं, १८८०च्या सुमाराचं रंगीत शिळाछाप चित्र. कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या जुन्या फ्रेमवाल्यांकडे मढवलेलं. आधी कामाबद्दल, कारण ते खरंच जपून केलंय.

चित्र डिंकाने कुठेही चिकटवलेलं नाही. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. पुढे ओल्या बोटाने त्या सुटतात, कागद फाटत नाही. सेलोटेप लावला असता तर काही वर्षांत तपकिरी डाग उमटला असता. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लविरहित आहे. त्याच्या जाडीमुळे काच चित्राला टेकत नाही. हे कोल्हापुरात फार महत्त्वाचं, कारण पावसाळ्यात काचेआड दव धरतं आणि टेकलेला कागद काचेलाच चिकटतो.

कमी एकच: मागचा हार्डबोर्ड थेट चित्राला लागतो. मध्ये आम्लविरहित पुठ्ठा मागून घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावायला सांगा, म्हणजे भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही. काच साधी असल्याने उन्हासमोर टांगू नका.

आता फ्रेमवरची नावाची पितळी पट्टी. ‘मुंबईत क्रिकेट आणणारे गव्हर्नर’ हा मजकूर साफ चूक. पारश्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८चा, हॅरिस जन्मले १८५१मध्ये, त्रिनिदादला! शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डला, मग केंट या इंग्लिश काउंटी संघाचं कर्णधारपद. मानधन न घेणारा हौशी खेळाडू; इंग्लंडकडून ४ कसोटी, चारही कर्णधार म्हणून. १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या समुद्रकाठी हिंदू आणि मुस्लिम जिमखान्यांना जागा मिळाल्या, हे श्रेय द्यावंच. पण १८९३च्या दंगलीत मुंबई पेटली असताना ते पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नर निवासात राहिले, हेही खरं.

आणि कोल्हापुरात फ्रेम करताना सुटू नये अशी तारीख: २ एप्रिल १८९४. शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, त्या समारंभाला गव्हर्नर म्हणून हॅरिसच होते. ही ओळ पट्टीवर हवीच.

मजकूर कागदावर सुवाच्य लिहूनच द्या, तोंडी सांगू नका. तीन ओळींपलीकडे गेलात तर अक्षर बारीक होऊन पितळेत भरून जातं. पट्टी दुहेरी टेपवर सोडू नका, दोन बारीक खिळे मारून घ्या.