बाबांचे आयसीयूतले नऊ दिवस: साडेतीन स्टार

लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरून सेप्टिक शॉक झाला आणि बाबांना रात्री दोनला इथे आणलं. सलाईन, अँटिबायोटिक सगळं झालं, बीपी वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा पंप वाढवत नेला, तरी बीपी उठेना. पहाटे डॉक्टर म्हणाले, "ताई, स्टेरॉईड सुरू करतोय." पोटात गोळाच आला. आमच्याकडे स्टेरॉईड म्हणजे आत्याचा सुजलेला चेहरा!

त्यांनी चक्क खुर्ची ओढून समजावलं. हायड्रोकॉर्टिझोन, दर 6 तासांनी 50 मिलिग्रॅम. जंतू मारायला नाही, ते काम अँटिबायोटिकचंच. हे रक्तवाहिन्यांनी पंपातल्या औषधाला दाद द्यावी म्हणून. 2018 च्या दोन मोठ्या चाचण्यांत शॉक लवकर उतरला, पण जीव वाचण्याबाबत त्यांचं एकमत नाही, हेही लपवलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पंप तासाला 18 मिलीवरून 6 वर आला. शुगर मात्र 310! इन्सुलिन लावलं, ते आम्हाला कळलं थेट बिलावरून. एक स्टार तिथे गेला. अर्धा खालच्या फार्मसीवाल्याचा: दर इंजेक्शनला "आधी पैसे भरा". रात्रपाळीच्या सिस्टरना वेगळे स्टार देता येत असते तर पाचही दिले असते.